दादाचा समुद्र

ऊन तापायला लागलं की मला माझ्या भावाचा समुद्र आठवतो आणि तोंड कडू होतं. लोकांना उन्हाळ्यात चांगल्या गोष्टी आठवतात. कुणाला कैरीचं पन्हं, कुणाला गच्चीवरची अंथरुणं, कुणाला मामाचं गाव. मला आठवते ती हॉलभर लांब काचेची पेटी, तिच्यातली निळ्या दिव्यांची उधळपट्टी, आणि समोर सोफ्यावर पोट पुढे काढून बसलेला दादा. जणू लाटा त्याच्याच हुकमानं उठत होत्या.

यंदाही परीक्षा संपल्या. नंदुरबारच्या एका कॉलेजात मी प्राणीशास्त्र शिकवते. मुलं गेल्यावर प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसून ठेवायचं काम मी स्वतःच करते. एका बरणीत समुद्रफूल आहे, सी-ॲनिमोन. औषधी पाण्यात आक्रसून गेलेलं. मुलं त्याला सुकलेला कांदा म्हणतात. ते फूल नाही, प्राणी आहे, दगडाला चिकटून बसतो, तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या सोंडा पाण्यात पसरून जे हाती येईल ते खातो, असं मी दर वर्षी सांगते आणि मुलं दर वर्षी वहीत फूल काढतात. परवा खिडकीतून गरम वारा आत आला, बरणी हातात होती, आणि तो उन्हाळा आठवला.

दादा केळी आणि पपई पिकवतो. पिकवणारी माणसं वेगळी आहेत. दादा बांधावर गाडी उभी करतो, काच अर्धी खाली घेतो आणि फोनवर बोलतो. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या अलीकडे आमचं गाव. काळी जमीन, विहिरीला पाणी, माणसाला आणखी काय लागतं असं कुणालाही वाटेल. दादाला दर वर्षी काहीतरी लागतं. एका वर्षी बंगला, एका वर्षी बंगल्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा. यंदा सारंगखेड्याच्या बाजारातून पांढरा घोडा आणलाय. घोड्यावर बसायची त्याला भीती वाटते. घोडा शेडमध्ये उभा राहून खातो, आणि दादा त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढतो. दोघांपैकी घोड्याच्या चेहऱ्यावर जास्त समजूत दिसते.

समुद्र त्यानं सुरतेला पाहिला. खरा नाही. खरा समुद्र त्याच गावापासून जवळ आहे, पण तिकडे तो गेला नाही. एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यानं खाऱ्या पाण्याची पेटी पाहिली, आणि परत येताना त्याच्या डोक्यात ती बसली. विकणारा माणूस एका दिवसात सगळं मांडून गेला. सकाळी पाणी, दुपारी मिठाचे पुडे, संध्याकाळी मासे, आणि निघता निघता दगडावर पिवळंधमक समुद्रफूल. अशी पेटी महिनोन् महिने नुसती चालू ठेवून मुरवावी लागते, मग कुठे असा नाजूक जीव तिच्यात सोडायचा, हे विकणाऱ्याला माहीत असणारच. पण थांबायला सांगून माल खपत नाही, आणि दादाला थांबायला कुणी सांगितलेलं आवडत नाही. दोघांचं छान जमलं.

तेव्हा एप्रिल संपत आला होता. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाहून घरी येऊन पाय धूत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सुनंदा, आत्तेच्या आत्ते ये. तब्येत बरी नही. दोन दिनपाईन काही खायेल नही. आंग पार आखडी लेल शे."

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? आबा, आमचे वडील, ऐंशी ओलांडलेले. हिवाळ्यापासून त्यांचं चालणं खाट ते ओटा एवढंच उरलं होतं. मी पिशवीत चार कपडे कोंबले आणि एसटी पकडली. प्रकाशा गावाच्या पुलावर गाडी हळू झाली, खाली तापीचं पाणी उन्हात चमकत होतं, आणि मी मनातल्या मनात कुणाकुणाला कळवायला लागेल त्यांची नावं घेत होते.

घरी पोचले तर हॉलमध्ये चार माणसं माझ्याकडे पाठ करून उभी. त्यांच्यामधून वाट काढत मी मागच्या खोलीत गेले. आबा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"तू कशी काय उनी?" त्यांनी विचारलं.

"दादानी फोन करा. म्हने तब्येत बरी नही."

आबांनी टरफल बाजूला टाकलं, दाणा तोंडात टाकला. दात कमी असल्यामुळे तो जरा वेळ तोंडात घोळवला. मग म्हणाले, "मन्ही नही वं बेटा. त्या फुलनी."

मी तिथेच खाली बसले. हसायचं की रडायचं ते कळेना. दारात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. वहिनी फार बोलत नाही. दादाशी लग्न झाल्यापासून तिला बोलायला जागाच मिळाली नसावी.

मी त्याच एसटीनं परत जायला हवं होतं. पण त्या प्राण्याचा काय दोष? तो पेटीच्या कोपऱ्यात दगडावरून अर्धा सुटून लोंबकळत होता. सोंडा आत ओढलेल्या, तोंड वासलेलं, आणि अंगाला हळदीचा पिवळा रंग. तो रंग त्याचा नव्हताच. विकणाऱ्यानं रंगवून विकलेला जीव होता तो. पाणी हाताला कोमट लागत होतं. मी चव घेतली आणि थुंकले.

"यामा मीठ कोन टाकस?"

"मीच टाकस," दादा अभिमानानं म्हणाला. "उन्हामुये पानी कमी व्हस ना रोज. जितलं कमी व्हस तितलं खारं पानी टाकस. आपला कडथाईन काही कमी नही."

"दादा, पानी उडी जास, मीठ उडत नही. कमी व्हस ते नुसतं पानी. तू रोज त्याले लोनचानामायक खारवी ऱ्हायना."

त्यानं पेटी पाहायला आलेल्या त्या चार पाहुण्यांकडे पाहिलं. "हाई प्रोफेसर शे," तो म्हणाला, जणू मलाही त्यानंच विकत आणलं होतं.

मी राहिले. सुट्टी लागेपर्यंत येऊन जाऊन, मग मुक्कामाला. रोज थोडं खारं पाणी काढून शुद्ध केलेलं गोडं पाणी थेंबाथेंबानं सोडलं, कारण एकदम गोडं केलं असतं तर त्याच धक्क्यानं ते मेलं असतं. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला, नाहीतर रांगत रांगत ते तिथे जातं आणि ओढलं जाऊन त्याचे तुकडे होतात. निळ्या दिव्यांची जत्रा बंद करून दिवसाचा नीट पांढरा उजेड ठरल्या वेळी लावला, ठरल्या वेळी बंद केला. या जीवाचं मागणं तरी किती? काल होतं तसं आज असावं, एवढंच. तेवढाच खारेपणा, तेवढाच गारवा, तेवढाच उजेड. आणि तो येऊन पडला होता माझ्या भावाच्या घरात, जिथे काल होतं ते आज जुनं होतं.

खाण्याचा प्रश्न वेगळाच. आमचं घर माळकरी. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दादाच्याही गळ्यात, सदऱ्याच्या वर दिसेल अशी. त्यामुळे दादा फुलाला भाताची शितं आणि शेव घालत होता. मी म्हटलं, याला आठवड्यातून एकदा कोळंबीचा बारीक तुकडा लागतो. तो ताठ झाला. "या घरमा ते येवाव नही." हमरस्त्यावरच्या ढाब्यात दादाची बसायची जागा ठरलेली आहे आणि तिथे तो काय मागवतो ते गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण घर पवित्र ठेवायचं होतं आणि घरातल्या पाहुण्याला शेव खाऊ घालून मारायचं होतं.

मी प्रकाशा गावातून लहान कोळंबी आणली आणि शेडमध्ये जनावरांच्या औषधांचा जुना फ्रीज होता त्यात ठेवली. फुलाला भरवताना आबा दारात काठी टेकून उभे असलेले मला दिसलेच नाहीत. मी हात मागे घेतला. ते हळूहळू पुढे आले, चिमट्यातला तुकडा पाहिला, पाण्यात सोंडा हलल्या ते पाहिलं.

"आबा, चालई ना? तुमना गयामा माळ शे."

"मन्हा गयामा शे," आबा म्हणाले. "त्याले गया तरी शे का?" आणि काठी टेकत परत गेले.

मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे दारं-खिडक्या बंद करून, अंधारात बसून दिवस ढकलायचा महिना. बंगल्यात एसी एकच, हॉलमधला, तोही फुलासाठी घेतलेला. तो दिवसरात्र चालू. वीज गेली की मागचं जनरेटर सुरू व्हायचं, तेही हॉलपुरतंच. दादा गादी टाकून तिथेच झोपायचा, मासे आणि तो. आबांची खोली पश्चिमेची. दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसे. वर पंखा होता, तो गरम हवा खाटेवर फेकत राही. वहिनी पंचा भिजवून त्यांच्या अंगावर टाकायची, तो पाहता पाहता वाळायचा. मी दादाला म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "आबासले सवय शे. जिंदगीभर उन्हामा काम करेल मानूस." सगळ्यात जास्त सोयीची गोष्ट म्हणजे दुसऱ्याची सवय.

आणि लोक येत होते समुद्र पाहायला. बायका, पोरं, खताचे विक्रेते, शेजारच्या गावचे पाटील. फुलाचा पिवळा रंग हळूहळू उतरला आणि खालून ते पांढरं निघालं. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्याला जगवतं. पाणी तापलं, हाल झाले, की ते शेवाळ निघून जातं आणि प्राणी पांढरा पडतो. मरणाच्या वाटेवरचा रंग आहे तो. लोकांना तो फार आवडला. "काय शुभ्र," एक बाई म्हणाल्या, "देवाच्या मूर्तीसारखं." दादा पाहुण्यांसमोर शुद्ध मराठी काढायचा, तो म्हणाला, "इम्पोर्टेड आहे." मी म्हटलं, "उपाशी आहे." त्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच कुणाचं वाईट चिंतलं होतं.

एका दुपारी मी आबांना ताक द्यायला गेले. ते जागे होते, पण मला ओळखत नव्हते. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही, ओठ पांढरे. "बैल सोड," ते म्हणत होते. "ऊन व्हयनं. बैल सोड ना." बैल जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी ओरडले असेन, कारण वहिनी धावत आली. शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही नव्हतं. यांना थंड जागेत ठेवा, आणि पुन्हा असं होऊ देऊ नका.

आबांना घरी आणायचं ठरलं तेव्हा दादा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून हिशेब मांडत होता. त्याला एका सोसायटीचं संचालकपद हवं होतं, आणि त्यासाठी पुढारी मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती. समुद्रासमोर. तो मला म्हणाला, "एक काम करू. आबासले चार दिन तोरणमाळले ठेवू. थंड हवा शे वर. लोके जायेत म्हनजे परत लई येवूत."

दवाखान्यातून नुकत्याच उठलेल्या म्हाताऱ्याला घाटाच्या वळणांवरून डोंगरावर चढवायचं, का, तर हॉल मोकळा हवा. इतकी वर्षं मला वाटत होतं की दादा दिखाऊ आहे, पण आतून साधा आहे. त्या दिवशी कळलं की दिखाऊपणाला आत-बाहेर नसतं. तो खोलवर जातो आणि वडील असतात तिथपर्यंत पोचतो.

आबा आतून म्हणाले, "मी कोठेच जास नही."

आबांना घरी आणलं आणि दादा शेताकडे गेला. मी मागच्या खोलीत गेले तर वहिनीनं खाटेवरची वळकटी काढून ठेवली होती आणि खाटेचं डोक्याकडचं टोक धरून ती उभी होती. "उचला ताई," ती म्हणाली. आम्ही दोघींनी खाट हॉलमध्ये आणली, सोफा भिंतीला सारला आणि खाट पेटीसमोर टाकली. मग आबांना धरून आणलं. ते आडवे झाले, गार हवा अंगावर आली, त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. वहिनीनं त्यांच्या पायांवर चादर घातली. बाजूला पिकदाणी ठेवली. दादाची इटालियन म्हणून आणलेली तिवई होती, तिच्यावर.

संध्याकाळी दादा आला आणि दारातच थांबला. "हाई काय लाई ठेवं? परवा मानसं ई ऱ्हायनात. लोकेस्ना समोर खाट?"

"फूल पानीमा चालस," मी म्हटलं, "बाप खाटवर नही चालस?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती आबांच्या उशीचा अभ्रा नीट करत होती, तिनं मान वर केली नाही. खाट तिथेच राहिली.

पुढारी आले. पांढरे कपडे, अत्तराचा वास, बूट दारात. त्यांना खाटेला वळसा घालून बसावं लागलं. आबा कुशीवर वळून फुलाकडे बघत पडले होते. दोन दिवस ते तेच करत होते. त्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्यानं विचारलं, "हात लावला तर चालतं का?" आणि उत्तराची वाट न बघता पाण्यात बोट घातलं. फुलानं अंग मिटून घेतलं.

"हात काढ," आबा म्हणाले. "त्याले आवडस नही."

पुढाऱ्यानं हात काढला, हसला. म्हाताऱ्या माणसाशी गोड बोलायची त्यांना सवय असते. "आबा, हे दिवसभर करतं तरी काय?"

"बठी ऱ्हास," आबा म्हणाले. "तोंडपाशी जे उनं ते खास. तुमना सारखं."

कुणीतरी खोकलं. वहिनी पोळ्या आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दादाला संचालकपद मिळालं नाही. मिळणार नव्हतंच, पण आजही तो त्याचा दोष आबांना देतो.

जूनमध्ये माझं कॉलेज सुरू झालं. जाताना मी वहिनीला सगळं दाखवलं. तिला मी एकदाच दाखवलं, पुन्हा विचारायची वेळ आली नाही. पावसानं हवा गार झाली, पाणी स्थिर झालं, आणि फुलात पुन्हा शेवाळ भरलं. त्याचा खरा रंग परत आला. तपकिरी. ओल्या मातीसारखा तपकिरी. दगडाला घट्ट धरून, सोंडा भरघोस पसरून ते बसलं. मी दिवाळीत गेले तेव्हा मला बघवेना इतकं ते सुंदर दिसत होतं.

दादा नाराज होता. "इतलं करीसन हाऊ रंग? चहाना चोथानामायक." सुरतेहून जांभळ्या रंगाचं दुसरं मिळत होतं, आणि हे कुणाला तरी देऊन टाकायचं किंवा काढून फेकायचं त्याच्या मनात होतं. मरत होतं तेव्हा ते त्याला मिरवायला हवं होतं. जगलं तेव्हा नको झालं.

आबा तोवर हिंडते-फिरते झाले होते. पण पेटीसमोरची जागा त्यांनी सोडली नव्हती. ते म्हणाले, "ते मन्हं शे. मन्हा वाटामा टाक. जिमीन तुले घे, ते माले राहू दे." दादाला जमिनीचं ऐकू आलं. फूल राहिलं.

आबा संक्रांतीनंतर गेले. झोपेत, शांतपणे, त्याच खाटेवर. भेटायला येणाऱ्यांसाठी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पेटीतलं पाणी बारीक आवाज करत होतं. दादा मध्ये बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, शुद्ध मराठीत. आबांना उन्हाळा सोसवेना म्हणून हॉलमध्ये खास एसी बसवला. आबांना विरंगुळा हवा म्हणून हा समुद्र आणला. शेवटपर्यंत त्यांना इथेच, डोळ्यांसमोर ठेवलं. सांगताना तो रडत होता. आणि खरं रडत होता, तेच मला सहन होईना. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. दादाला ते ठाऊक राहिलेलं नव्हतं.

ब्राह्मणपुरीचे आमचे एक नात्यातले काका मान हलवत म्हणाले, "असा मुलगा मिळायला नशीब लागतं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मी ते गिळत होते, कारण मी लेक, दोन दिवसांनी जाणारी.

तेव्हा बायांच्या बाजूनं आवाज आला. चढलेला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा.

"एसी फुलसाठे व्हता. आबासनी खाट मी नि ताईनी उचली."

वहिनी होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती पुन्हा खाली बघत बसली. दादाचा रुमाल डोळ्यांपाशी तसाच राहिला. काकांनी मांडी बदलली आणि थोड्या वेळानं पाणी मागितलं. वहिनी उठली. माठातलं पाणी आणून तिनं आधी काकांना दिलं, मग दादापुढे पेला धरला. त्यानं तो घेतला आणि सगळा पिऊन टाकला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.